इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेंटसाठी साप्ताहिक कॉन्फरन्स विभागात कशी उभी करायची

भारतीय वैद्यकीय परिषदेने इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. त्यानंतर एमडी आणि डीएनबीच्या जागा वाढत गेल्या, नवे विभाग सुरू झाले. शिकवण्याची घडी मात्र ज्याची त्यालाच बसवावी लागते. मेडिसिन किंवा सर्जरीच्या रेसिडेंटला (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरला) वॉर्ड राउंड असतो, रुग्ण चार-आठ दिवस डोळ्यांसमोर असतो. आपल्याकडे रुग्ण काही तासांत आयसीयूत, ओटीत किंवा घरी जातो. आपण बांधलेलं निदान बरोबर होतं की नाही, हे रेसिडेंटला बहुतेक वेळा कळतच नाही. त्यामुळे नुसत्या ड्युट्या करून हा विषय येत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा ठरवून एकत्र बसावं लागतं.

हा लेख विभागप्रमुख, तरुण कन्सल्टंट आणि चीफ रेसिडेंट यांच्यासाठी आहे. कॉन्फरन्स चांगली झाली की नाही हे ठरवायला माझ्याकडे एकच प्रश्न आहे: पुढच्या ड्युटीवर रेसिडेंटच्या हातून काही वेगळं घडलं का? खालची प्रत्येक गोष्ट त्या प्रश्नावर तपासून सांगतो आहे.

पहिलं काम: रोस्टर

विषयांची यादी नंतर करा, आधी ड्युटी रोस्टर हातात घ्या. रेसिडेंट हॉलमध्ये बसलेला असतो, रिसस बेमधून (अत्यवस्थ रुग्णांच्या कक्षातून) फोन येतो, तो उठून जातो आणि परत येतो तोवर केस संपलेली असते. असं दोन-तीनदा झालं की कॉन्फरन्स त्याच्या डोक्यात ‘आणखी एक ड्युटी’ होऊन बसते. मग कितीही चांगला वक्ता आणा, उपयोग होत नाही.

अमेरिकेत या विषयाची पहिली रेसिडेन्सी १९७० साली सिनसिनाटी विद्यापीठात सुरू झाली. तिथल्या कार्यक्रमांना आठवड्याला सरासरी ५ तास नियोजित शिक्षण देण्याची अट गेली अनेक वर्षं आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते एकाच सकाळी सलग होतं. हे जमतं, कारण त्या वेळेत फ्लोअर, म्हणजे रुग्ण तपासण्याची जागा, कन्सल्टंट सांभाळतात. आपल्याकडे पहिल्याच महिन्यात ५ तास निघणार नाहीत. ३ तासांनी सुरुवात करा, पण त्या ३ तासांना कुणाचाही धक्का लागता कामा नये.

त्यासाठी मागच्या तीन महिन्यांचं ट्रायज रजिस्टर (आलेल्या रुग्णाचं गांभीर्य ठरवून केलेली नोंद) काढा आणि तासागणिक किती रुग्ण आले ते मोजा. सगळ्यात कमी गर्दीचा सलग पट्टा तुमचा तुम्हालाच दिसेल. सोमवार टाळा, रविवारचं तुंबलेलं सगळं त्या दिवशी येतं. वार ठरला की विभागप्रमुखांच्या सहीचं लेखी पत्रक काढा. त्या वेळेत कोणते दोन कन्सल्टंट आणि कोणता सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) फ्लोअरवर असतील, हे त्यात नावानिशी येऊ द्या. सिस्टर इन्चार्जना पत्रकाची प्रत द्या आणि समक्ष भेटून सांगा. रेसिडेंटला फोन करायची सवय मोडायची असेल तर त्यांची साथ लागतेच. हॉलमध्ये फोन फक्त एका कन्सल्टंटकडे चालू राहील, आणि तो कोणत्या कारणांसाठी वाजवायचा हेही आधीच ठरलेलं असेल.

रात्रपाळी करून आलेल्या रेसिडेंटला कॉन्फरन्सला बसवू नका. डोळे मिटत असताना कुणी काही शिकत नाही, आणि तो नंतर दुचाकीवरून घरी जाणार असतो. त्याच्यासाठी एक पानी टिपण ठेवा, रात्रपाळीची पाळी प्रत्येकाकडे फिरत राहील एवढं बघा.

वर्षाला दोनच जागा असतील तर हॉलमध्ये चार डोकी दिसतील. अशा विभागांनी भूल विभाग, बालरोग आणि शेजारच्या रुग्णालयातल्या इमर्जन्सी विभागाला महिन्यातून एकदा जोडून घ्यावं. चार जणांची कॉन्फरन्सही चांगली होते, उलट कुणालाच लपायला जागा मिळत नाही.

अठरा महिन्यांचं चक्र

अभ्यासक्रम तीन वर्षांचा, म्हणून विषयांचं चक्र १८ महिन्यांचं ठेवा. प्रत्येक विषय प्रत्येक रेसिडेंटच्या वाट्याला दोनदा येतो: पहिल्यांदा ज्युनिअर म्हणून ऐकताना, दुसऱ्यांदा सीनिअर म्हणून शिकवताना. १८ महिन्यांत ७८ आठवडे येतात. सण, परीक्षा आणि इन्स्पेक्शन वजा जाता ६५ हाती लागतील असं धरून चाला.

विषय वाटताना पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेआधी स्वतःच्या रजिस्टरकडे बघा. हायवेवरच्या रुग्णालयात ट्रॉमाला जास्त आठवडे लागतील, मुंबईत लोकलच्या अपघातांना, विदर्भात कीटकनाशकांना. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना झालेल्या विषबाधेत अनेकांचे जीव गेले. त्या भागात शिकणाऱ्या रेसिडेंटला ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशकांचा एक गट) ‘एक प्रकरण’ म्हणून शिकवणं पुरेसं नाही. कोकणातल्या विंचूदंशाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तो त्यांच्या समोरच्या रुग्णांच्या निरीक्षणातून. परदेशी पुस्तकात हा विषय दोन ओळींत उरकलेला सापडेल.

ऋतूही बघा. उष्माघात मार्चच्या सुरुवातीला, साप-विंचू जूनच्या आधी, डेंगी आणि लेप्टो पहिल्या पावसात, कीटकनाशकं फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी. एकदम अनेक जखमी येण्याची तालीम दहीहंडीच्या आधी घ्या, म्हणजे ती गणपती विसर्जनालाही कामी येते.

तीन तासांची बांधणी

लांबलचक लेक्चर हे आपल्या कॉन्फरन्सचं जुनं दुखणं आहे. आम्ही वापरतो तो साचा असा:

पहिली २० मिनिटं मागच्या आठवड्यावर तोंडी प्रश्न, ईसीजी आणि एक्स-रे. 
पुढची ४० मिनिटं एक केस, टप्प्याटप्प्याने. 
२० मिनिटांचं छोटं लेक्चर, त्याच केसला धरून. 
१५ मिनिटं चहा. 
६० मिनिटं सिम्युलेशन (रचलेल्या प्रसंगाची तालीम) किंवा प्रोसिजर. 
उरलेल्या वेळात आलटून पालटून एम अँड एम (मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसचा आढावा), जर्नल क्लब (शोधनिबंधावर चर्चा) आणि थेसिसचा आढावा.

सुरुवातीचे तोंडी प्रश्न वगळायचा मोह होतो. तो टाळा. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगायला लावलं की जास्त काळ टिकतं, हे शिक्षणावरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. आणि ज्याला उत्तर येत नाही त्याला उभं करून ठेवू नका. प्रश्न शेजारच्याकडे जातो आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा पहिल्याकडे येतो, म्हणजे बरोबर उत्तर त्याच्याही तोंडून निघतं.

केस कशी उलगडायची

संपूर्ण कॉन्फरन्समध्ये मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा भाग. म्हणून शिकवण्यासाठी रचलेली एक केस पूर्ण दाखवतो.

जुलै महिना, पहाटे साडेपाच. २२ वर्षांचा शेतमजूर. पोटात कळा, दोन उलट्या. रात्री घरात जमिनीवर झोपला होता. एवढंच सांगायचं आणि थांबायचं. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारायचं: मनात आलेली तीन निदानं सांग आणि पहिल्या पाच मिनिटांत काय करशील ते सांग. तो बोलत असताना मध्ये कुणी पडायचं नाही, सीनिअर कन्सल्टंटनेसुद्धा नाही.

दुसरा टप्पा. पल्स ११०, बीपी १५०/९०, पोट मऊ, ईसीजी नॉर्मल. ड्युटीवरच्या डॉक्टरने पॅन्टोप आणि ऑन्डेन्सेट्रॉन दिलं, सलाइन लावलं. आता प्रश्न: याला घरी सोडशील का? कशाची वाट बघशील?

तिसरा टप्पा, एक तासाने. नातेवाईक सांगतात, डोळे उघडत नाहीयेत. पापण्या खाली आलेल्या, गिळताना त्रास. अंगावर चावल्याची खूण शोधूनही सापडत नाही. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी केली, रक्त गोठलं. हॉलमधले निम्मे जण इथे सापाचा विचार सोडून देतात, आणि नेमकं तिथेच थांबायचं असतं. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठत नाही. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, तिच्या दंशात ही चाचणी नॉर्मल येऊ शकते. दंश रात्रीचा, झोपेतला, फारसा न दुखणारा. पोटदुखी हे पहिलं लक्षण असू शकतं. जमिनीवर झोपणं, पहाटेची पोटदुखी आणि पापण्या उतरणं हे तीन धागे एकत्र जोडायला रेसिडेंट इथे शिकतो.

चौथा टप्पा. एका श्वासात तो तीसपर्यंत आकडे मोजत होता, आता बारावर थांबतो. मान उचलता येत नाही. इंट्युबेट कधी करायचं, म्हणजे श्वासनलिकेत नळी कधी घालायची? सॅच्युरेशन (रक्तातला प्राणवायू) उतरण्याची वाट बघायची का? अजिबात नाही. सॅच्युरेशन शेवटी उतरतं. साप दिसला नाही तरी एएसव्ही (सर्पविषावरचा उतारा) कशाच्या आधारावर द्यायचं? वरून खाली उतरत जाणाऱ्या लकव्याच्या. किती? सुरुवातीला १० व्हायल, आणि ॲनाफिलॅक्सिससाठी (जीवघेण्या ॲलर्जीसाठी) ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून बाजूला तयार. लहान मूल असतं तर? डोस तेवढाच, कारण सापाने विष मूल बघून कमी सोडलेलं नसतं. लकवा पूर्ण बसल्यावर एएसव्हीने तो लगेच उलटेल अशी आशा धरायची नाही. अशा रुग्णाला तारतो तो वेळेवर दिलेला कृत्रिम श्वास.

शेवटची पाच मिनिटं हॉलबाहेर. सगळ्यांनी रिसस बेमध्ये जायचं आणि त्या गोठण चाचणीची टेस्ट ट्यूब शोधून दाखवायची. ती काचेची हवी, स्वच्छ आणि कोरडी हवी, डिटर्जंटने धुतलेली नको. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये चाचणी चुकते. ट्यूब सापडली नाही तर त्याच दिवशी इंडेंट (मागणीपत्र) लिहायचं. हीच केस स्लाइडवर पंधरा मिनिटांत सांगून झाली असती, पण ट्यूब कुणी शोधली नसती.

सादर करणाऱ्या रेसिडेंटसाठी दोन सूचना. निदान शीर्षकात लिहू नका. आणि कन्सल्टंटला केस दोन दिवस आधी दाखवा, कारण कुठे थांबायचं हे ठरवणं हीच खरी तयारी आहे.

सिम्युलेशन: महागडा मॅनिकिन (सरावाचा पुतळा) नसला तरी

सिम्युलेशन लॅब नाही म्हणून अनेक विभाग हा भाग सोडूनच देतात. मला ते पटत नाही. आपल्याच रिसस बेमध्ये, आपल्याच ट्रॉलीवर, आपल्याच सिस्टर-ब्रदरांना घेऊन केलेली तालीम लॅबपेक्षा जास्त शिकवते, कारण त्यात माणसांबरोबर जागेचीही परीक्षा होते.

कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाचा प्रसंग घ्या. ॲट्रोपिनचा पहिला डोस १.८ मिग्रॅ, मग छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट, हे प्रत्येकाला पाठ असतं. आता ते ॲम्प्यूल घेऊन प्रत्यक्ष करायला लावा. एका ॲम्प्यूलमध्ये ०.६ मिग्रॅ. म्हणजे आधी ३, मग ६, मग १२, मग २४. पंधरा मिनिटांत ४५ ॲम्प्यूल. एका सिस्टरला एवढ्या ॲम्प्यूल फोडून भरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघा. क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीत) किती आहेत ते मोजा. रात्री स्टोअर बंद असताना बाकीच्या कुठून येणार ते विचारा. औषधाचा डोस माहीत असणं आणि तो रुग्णाच्या शिरेत पोचवणं यातलं अंतर तेव्हा सगळ्यांना दिसतं.

प्रसंग दहा मिनिटांचा, चर्चा वीस मिनिटांची. उलटं करू नका. चर्चेत आधी सहभागी झालेले बोलतील: कसं वाटलं, काय दिसलं, तेव्हा मनात काय चाललं होतं. निरीक्षक नंतर. ‘तू हे का केलं नाहीस’ असं विचारण्यापेक्षा ‘मी बघितलं की मास्क चार मिनिटं बाजूला होता, तेव्हा तुझं लक्ष कशावर होतं’ असं विचारा. उत्तर खरं मिळतं.

क्रायकोथायरॉटॉमीची (गळ्यावर छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालण्याची) तालीम वर्षातून दोनदा तरी हवी, कारण ती प्रोसिजर क्वचित लागते आणि लागते तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की तो बकऱ्याची स्वरयंत्रासकट श्वासनलिका देतो. त्यावर फोमची पट्टी ताणून त्वचा करा. आधी प्रत्येकाने शेजाऱ्याच्या गळ्यावर बोटाने छेद द्यायचा तो पडदा चाचपायचा, मग नळीवर हात. १० नंबरचं ब्लेड, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी), ६ नंबरची कफवाली ट्यूब, एवढंच साहित्य. डोळे बांधून साहित्याच्या क्रमाने हात फिरेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घ्या. कुणाला मांस हाताळायचं नसेल तर आधीच विचारा आणि व्हेंटिलेटरच्या जुन्या नळीचं मॉडेल तयार ठेवा. त्यावरून कुणाला मागे पाडू नये.

एम अँड एम

महिन्यातून एकदा पुरे. रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव काढून टाका. केस सांगणारा कन्सल्टंट असेल, ज्या रेसिडेंटच्या हातून घडलं तो नाही. सगळ्या चर्चेचा पाया एकच प्रश्न: त्या क्षणी त्याला काय माहीत होतं? पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे म्हणून निदान आज सोपं वाटतं, तेव्हा ते सोपं नव्हतं. पहिल्या निदानाला चिकटून राहणं, हँडओव्हरमध्ये आलेलं लेबल न तपासता पुढे ढकलणं, बेड नाही म्हणून घाई होणं, ही कारणं उघडपणे फळ्यावर लिहा. सिस्टरना बोलवा. त्यांना दिसलेल्या निम्म्या गोष्टी आपल्याला माहीतच नसतात.

शेवटी एकच बदल ठरवायचा, त्याला एका माणसाचं नाव आणि तारीख. दहा शिफारशी लिहिल्या की एकही होत नाही. आणि या बैठकीतलं काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही, हे दर वेळी सुरुवातीला म्हणून दाखवा. तो विश्वास एकदा तुटला की पुढच्या महिन्यापासून खऱ्या केस येणं बंद होतं.

जर्नल क्लब

एक पेपर, एक प्रश्न, पंचवीस मिनिटं. उदाहरण म्हणून २०१० चा क्रॅश-२ घ्या. ट्रॉमाच्या रक्तस्रावात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) देऊन पाहिलेली ही चाचणी ४० देशांत, २० हजारांहून अधिक रुग्णांवर झाली, आणि त्यात भारतातली रुग्णालयंही होती. मृत्यूचं प्रमाण १६.० टक्क्यांवरून १४.५ वर आलं. इथे थांबून रेसिडेंटला हिशेब करायला सांगा: दीड टक्का म्हणजे एक जीव वाचवायला साधारण ६७ जणांना औषध द्यावं लागतं. स्वस्त औषधासाठी हा सौदा कसा आहे? मग खरा प्रश्न: फायदा पहिल्या तीन तासांत आहे. तालुक्याच्या गावातून आपल्याकडे पोचेपर्यंत आपल्या रुग्णाचे किती तास गेलेले असतात? १०८ रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांशी त्यावर बोलायला हवं का? पेपर वाचण्याचं शास्त्र अशा प्रश्नांच्या ओघात शिकवलं तर रेसिडेंट ते सोडत नाही.

बाहेरच्या परिषदा

सोसायटी फॉर इमर्जन्सी मेडिसिन इंडियाची वार्षिक परिषद इमकॉन नावाने भरते. रेसिडेंटने तीन वर्षांत एकदा तरी जावं, शक्यतो दुसऱ्या वर्षी, हातात पोस्टर किंवा पेपर घेऊन. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पदव्युत्तर नियमांतही परीक्षेला बसण्यासाठी सादरीकरण किंवा शोधनिबंधाची अपेक्षा आहे, तेव्हा ॲब्स्ट्रॅक्टच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच विभागाच्या भिंतीवर लावा. पैसे मर्यादित असतील तर मुख्य परिषदेपेक्षा आधीच्या दिवशीच्या कार्यशाळेवर खर्च करा, हाताने शिकलेलं जास्त टिकतं. प्रवास आणि हॉटेल औषध कंपनीकडून घ्यायचं नाही. २०२४ च्या विपणन संहितेने वक्ता नसलेल्यांसाठी ते बंद केलं आहे, आणि ते योग्यच आहे. रजा आणि थोडा निधी विभागाने द्यावा. परत आल्यावर पुढच्या कॉन्फरन्समध्ये १५ मिनिटं त्या रेसिडेंटची.

काय मोजायचं

हजेरी नोंदवा, पण हजेरीवर समाधान मानू नका. अमेरिकेतल्या कार्यक्रमांत सरासरी ७० टक्के उपस्थिती अपेक्षित असते, तेवढं उद्दिष्ट आपल्यालाही ठेवता येतं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे महिन्यातून एका विषयाचं फ्लोअरवर मोजमाप. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा. तो विषय घेण्याआधी २० फायली काढा आणि वेळ लिहा. ट्रायज फॉर्मवर वेळेचा रकाना रिकामा सापडला तर पहिली दुरुस्ती तिथेच करा. कॉन्फरन्सनंतर सहा आठवड्यांनी, दुसऱ्या रेसिडेंटकडून, पुन्हा २० फायली काढून घ्या. दोन्ही आकडे शेजारी शेजारी हँडओव्हरच्या फळ्यावर लिहा. आकडा हलला नसेल तर चक्रात तो विषय पुन्हा येण्याची वाट बघू नका, पुढच्याच आठवड्यात घ्या, आणि या वेळी ईसीजी काढणाऱ्या टेक्निशियनलाही हॉलमध्ये बसवा.